निष्ठा आणि सोवळे

पूर्वजांची रीत जशीच्या तशी जपणे ही निष्ठा, की ती पुढील पिढीच्या हाती जिवंत सोपविणे ही निष्ठा? दोन्ही साधतात तेव्हा प्रश्न उद्भवत नाही. साधत नाहीत तेव्हा निवड करावी लागते, आणि ती मी आयुष्यभर पहिल्या बाजूनेच केली. तिच्याविषयी पहिली शंका ज्या जागी आली, ती सांगताना किंचित संकोच वाटतो. ती जागा म्हणजे अमेरिकेतील एक मद्यालय.

न्यू जर्सीत मुलाकडे गेलो असता नातीच्या आग्रहाखातर आम्ही सारे युनियन सिटी या गावी रात्रीच्या भोजनास गेलो. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडून आलेली असंख्य कुटुंबे येथे स्थिरावली आणि गावाला ‘हडसनकाठची हवाना’ असे नाव पडले. भिंतींवर ताडाची झाडे, जुन्या मोटारी आणि निळा समुद्र रंगविलेला. तळलेल्या कच्च्या केळ्यांच्या चकत्या, काळ्या घेवड्याचा भात, लिंबू-पुदिन्याचे मोहितो नावाचे पेय (माझ्यापुरते रम वगळून) आणि कानठळ्या बसविणारे संगीत. हे सारे नाटकी आहे, असे माझे मत झाले. हरवलेला देश भिंतीवर रंगवून का परत मिळतो?

थोड्या वेळाने मेजे बाजूला सारली गेली आणि नृत्य सुरू झाले. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ हातातील काठी खुर्चीला टेकवून उठले व सोळा-सतरा वर्षांच्या नातीबरोबर नाचू लागले. आठ मात्रांत सहा पावले, चौथी आणि आठवी मात्रा मोकळी. केरव्याला सरावलेल्या माझ्या कानाला तो हिशेब लगेच उमगला. मुलगी मधूनच भलतीच गिरकी घेई. आजोबा हसत आणि आपले पाऊल तिच्या पावलाशी जुळवून घेत. ते स्पॅनिशमध्ये बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई. त्यांनी तिला एकदाही टोकले नाही.

‘सालसा’ या शब्दाचा मूळ अर्थ कालवण. या नावाने जगभर गेलेले संगीत खुद्द हवानात नव्हे, तर न्यूयॉर्कमध्ये १९६०-७० च्या दशकांत आकारास आले. पाया क्यूबाच्या ‘सोन’चा, वादक बहुतांशी पोर्तो रिकन, जोडीला जॅझची पितळी वाद्ये. १९६४ मध्ये ज्यांनी फानिया ही ध्वनिमुद्रण संस्था काढली, त्यांपैकी जॉनी पाचेको डॉमिनिकन प्रजासत्ताकात जन्मलेले, तर जेरी मासुची इटालियन वंशाचे वकील. टीटो प्वेन्ते यांच्यासारख्या थोर वादकाला हे नाव रुचत नसे; सालसा ही खाण्याची वस्तू आहे, असे ते म्हणत. म्हणजे सोवळे तिकडेही होतेच.

पण सेलिया क्रूझ यांच्या निष्ठेवर कोण शंका घेईल? १९६० मध्ये त्यांनी क्यूबा सोडला. १९६२ मध्ये आई वारली, तेव्हा अंत्यदर्शनासाठीही त्यांना परतू दिले गेले नाही. १९९० मध्ये ग्वांतानामोच्या अमेरिकी नाविक तळावर गाण्यास गेल्या असता त्यांनी तेथील मूठभर माती आणली आणि २००३ मध्ये ती त्यांच्याबरोबरच पुरली गेली. मातीवर इतका जीव असलेल्या या बाईंनी आयुष्यभर हेच ‘कालवण’ गायिले.

तेथे बसल्या बसल्या मला एक जुनी गोष्ट आठवली. १९०९ पासून २०१८ पर्यंत चार साहित्य संमेलने पाहिलेल्या बडोद्याचा मला अभिमान आहे, आणि त्या अभिमानाच्या भरात एक चूक माझ्या हातून घडली. एका स्पर्धेचा परीक्षक असताना एका तरुणाची कथा माझ्याकडे आली. तीतील माणसे आपल्या घरांत बोलली जाते तशीच मराठी बोलत. खिडकीला ‘बारी’ म्हणत. मी लाल शाईने पाने रंगवून ती परत केली. तो तरुण पुन्हा आमच्या सभेकडे फिरकला नाही. पुढे कळले, तो गुजरातीत लिहितो आणि चांगले लिहितो.

कोणी म्हणेल, मग काहीही चालवून घ्यावे काय? नाही. आळसाने केलेली भेसळ आणि जगण्यातून आलेली मिसळ एक नव्हेत. सालसातही ‘क्लावे’ नावाची पाच आघातांची एक चौकट असते. कोणतेही वाद्य यावे, कोणीही वाजवावे. मात्र त्या पाच आघातांशी फटकून वाजविलेले जाणकाराला तत्काळ खटकते. भाषेचीही अशी चौकट असते. ती वाक्याच्या घडणीत असते, आणि आजोबांनी नातीशी बोलत राहण्यातही असते. मी चौकट राखतो आहे असे समजत होतो; प्रत्यक्षात वाद्ये हाकलून देत होतो.

बडोद्यास परतल्यावर मी त्या लेखकाला पत्र लिहिले, चूक कबूल केली आणि कथेची प्रत वाचावयास मागितली. उत्तर आले ते गुजरातीत, अत्यंत सौजन्यपूर्ण. प्रत त्यांनी ठेवलेली नव्हती.

प्रत्येक चुकीची भरपाई होतेच असे नाही. परंतु नात दूरध्वनीवर मोडक्यातोडक्या मराठीत बोलते, तेव्हा मी आता तिला मध्येच थांबवीत नाही. वाक्य पुरे होऊ देतो.