रिकामी जागा

गावातले एखादे मूल विहिरीच्या काठावर वाकलेले दिसले, तर ते कोणाचे आहे याची चौकशी करीत कोणी थांबत नाही. हातातले काम टाकून जो तो धावतो, आणि मुलाचे आईबाप जन्मभर त्याचे उपकार मानतात. परंतु एखाद्या मुलाचे मनच खचू लागले असेल, तर आम्ही काय करतो? 'त्यांच्या घरातली गोष्ट आहे' असे म्हणून बाजूने निघून जातो. आमच्या शेजारधर्माची हद्द शरीरापाशीच संपते काय?

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा दर रविवारी मिस्साच्या वेळी वेदीसेवक म्हणून उभा असे. दहावीच्या वर्षी त्याचे येणे थांबले. कोणी म्हणाले, अभ्यास वाढला असेल. कोणी म्हणाले, हल्लीची मुले आळशीच. तो मैदानावरही दिसेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला. घरच्यांना ते वयाचे खूळ वाटले. तीन वर्षांनी, कॉलेज सुटल्यावर, त्याला डॉक्टरांकडे नेण्यात आले. 'हे केव्हापासून?' असे त्यांनी विचारले तेव्हा आईने मागचा हिशेब केला, आणि तो हिशेब वेदीजवळच्या त्या रिकाम्या जागेपाशी येऊन थांबला. ती जागा तीन वर्षे दर रविवारी आम्हां सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. मुलगा आता सावरतो आहे. त्याच्या व कुटुंबाच्या संमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत. 'सगळे त्याच्या टक्क्यांविषयी विचारीत. त्याच्याविषयी कोणी विचारले नाही,' हे त्या माउलीचे शब्द मात्र आमच्या मनातून जात नाहीत.

हे एकाच घराचे दुःख नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांना मानसिक विकाराचा त्रास असल्याचे आढळले. तीस मुलांच्या धर्मशिक्षणवर्गाला हे प्रमाण लावले, तर त्यात अशी दोन मुले बसलेली असावीत. प्रौढपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आसपास वा त्याआधी झालेली असते, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे आजार डॉक्टरांच्या दारी पोहोचण्याच्या कितीतरी आधी तो शाळेत, मैदानावर आणि चर्चच्या अंगणात वावरत असतो. तेथे डॉक्टर नसतात; आम्ही असतो.

पण आम्ही तज्ज्ञ नाही, आम्ही काय करणार? येथे आम्हांला एलिया संदेष्टा आठवतो. जिवाला कंटाळून तो रानातल्या एका झुडपाखाली निजला आणि मरण मागू लागला. देवदूत आला तो उपदेश घेऊन आला नाही. 'तुझी श्रद्धा कोठे गेली?' असेही त्याने विचारले नाही. त्याने एलियाला स्पर्श केला, भाकर व पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. पुढच्या प्रवासाची गोष्ट त्यानंतर निघाली. आम्ही मात्र बहुधा उपदेशापासून सुरुवात करतो.

आमच्या शेजारच्या गोव्यात १९९६ साली 'संगाथ' ही संस्था स्थापन झाली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या सामान्य माणसांना नीट शिकवून, त्यांच्यावर अनुभवी तज्ज्ञांची देखरेख ठेवून, त्यांच्याकडून खचलेल्या माणसांना आधार देता येतो, हे तिने दाखवून दिले. पुढे दिल्लीच्या सहा शासकीय शाळांत सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांबाबत असाच प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या मुलांना केवळ पुस्तिका दिल्या गेल्या; उरलेल्यांना पुस्तिकांबरोबर थोडक्या भेटींत अडचणीचा उलगडा कसा करावा हे शिकविले गेले. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा भार या भेटींनी अधिक हलका झाला. आजाराच्या लक्षणांत मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऐकणारा माणूस ओझे हलके करतो. तो डॉक्टरांची जागा घेत नाही. आपली मर्यादा ओळखून मुलाला पुढच्या दारापर्यंत सोबत करणे, हाही त्याच्या कामाचाच भाग आहे.

याहून अवघड प्रश्न निराळाच आहे. धर्मग्रामात सगळे सगळ्यांना ओळखतात. ही जवळीक आमचे बळ आहे आणि तीच आमचा दोषही आहे. मुलगा समुपदेशकाकडे गेला ही वार्ता संध्याकाळच्या रोझरीपर्यंत चार घरी पोहोचते, आणि बहिणीचे लग्न ठरताना तिची आठवण काढली जाते. मग आईबापांनी दार लावून घेतले, तर दोष कोणाचा? साहाय्य करू इच्छिणाऱ्या समाजाला प्रथम आपले कुतूहल सोडावे लागेल. जे ऐकले ते पोटात ठेवता येत नसेल, तर ऐकण्याचा अधिकार आम्हांला नाही.

तरीही ऐकणाऱ्याचे मौन म्हणजे पापनिवेदनाचे मौन नव्हे. पापनिवेदनाची मुद्रा अभंग आहे. ती धर्मगुरूंनाही मोडता येत नाही. पण एखाद्या मुलाने शेजाऱ्याला किंवा धर्मशिक्षकाला 'कोणाला सांगू नका' असे बजावून जिवाला अपाय करण्याचा विचार बोलून दाखविला, तर तेथे वचनापेक्षा जीव मोठा. म्हणूनच आरंभीच सांगावे: 'तुझी गोष्ट माझ्यापाशीच राहील, मात्र तुझ्या जिवाला धोका असेल, तर मी एकटा गप्प बसणार नाही.' असे सांगणारा माणूस मुलाला फसवीत नाही.

दोषारोपाची आमची सवय जुनी आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेने अशा नकाराच्या यादीतून ते नाव वगळले. तीव्र मानसिक व्यथा माणसाची जबाबदारी कमी करू शकते, असे ख्रिस्तसभा आज शिकविते. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही अशा प्रयत्नामागे तीव्र ताण असल्याचे गृहीत धरून शिक्षेऐवजी काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. ख्रिस्तसभा बदलली, कायदा बदलला. आमच्या ओसरीवरचे बोलणे तेवढे बदलावयाचे राहिले आहे.

तेव्हा धर्मशिक्षक, युवासंघाचे कार्यकर्ते आणि महिला मंडळातील दोनचार जाणत्या भगिनी यांनी असे शिक्षण घ्यावे. जवळचे डॉक्टर कोण, हे त्यांना ठाऊक असावे. शासनाची २०२२ साली सुरू झालेली, रात्रंदिवस विनामूल्य चालणारी 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर मिस्साच्या वेळांशेजारी लिहावा. यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि येत्या रविवारी प्रार्थना संपल्यावर आम्ही सभोवार एकदा पाहावे. कोणाची जागा रिकामी आहे? त्या घरी जावे, टक्क्यांविषयी न विचारता त्या मुलाविषयी विचारावे, आणि घरी परतल्यावर त्याविषयी काही बोलू नये.