खेळ म्हणजे थट्टा नव्हे



संसार हा खेळ आहे, असे आम्ही कीर्तनकार मंडळी नेहमी सांगतो आणि श्रोते माना डोलावतात. पण काल्याचे कीर्तन आटोपून मंडळी उठू लागली, की एखादा शेतकरी जवळ येतो आणि हळूच विचारतो, "महाराज, खेळ म्हणता खरं. पण पाऊस गेला, पोर दवाखान्यात आहे, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. यात मी खेळू कसा?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याच्या घरी दुःख ठाण मांडून बसले आहे, त्याला 'मजेत घ्या' म्हणणे ही क्रूर थट्टा होय. म्हणून खेळ या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात पूर्वपक्षी विचारतो, ईश्वराला जर काहीच कमी नाही, तर हा जगाचा खटाटोप त्याने मांडला कशाला? ३३ व्या सूत्रात उत्तर येते, की ही केवळ लीला आहे. आचार्यांनी भाष्यात दोन दाखले दिले आहेत. ज्याला मिळवायचे काही उरले नाही असा राजा किंवा त्याचा अमात्य क्रीडा करतो, ती काही हेतू धरून नव्हे. तसाच आपला श्वासोच्छ्वासही कोणत्या लाभासाठी चालत नाही, स्वभावानेच चालतो. पण वाचकहो, तेथेच पोथी मिटू नका. लगेच ३४ व्या सूत्रात शंका उभी राहते: कोणी सुखी, कोणी दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय? सूत्रकार कर्माचा आधार घेऊन तिचे समाधान करतात. त्याचा ऊहापोह मोठा आहे, तो येथे नको. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो क्रम. लीला हा शब्द उच्चारताच लोकांच्या दुःखाचा जाब शास्त्राने स्वतःच मागितला.

आता वारीत चला. ज्ञानोबारायांच्या सोहळ्यात सदाशिवनगरला गोल रिंगण होते. अश्व धावून गेले, की टाळमृदंगाच्या गजरात उड्या, पावल्या, हुतूतू, फुगड्या यांना ऊत येतो. साठी-सत्तरीच्या आयाबाया पदर खोचून फुगडी धरतात. ती फुगडी नीट पाहा, बरं का! हात घट्ट धरलेले, पाय जुळलेले, अंग मागे झुकलेले. एकीने मध्येच हात सोडला तर दुसरी आपटेल. म्हणजे खेळात बेफिकिरी चालत नाही. आणि फुगडी संपल्यावर पदरात काय पडते? काही नाही! तरी दोघी हसत असतात. हात घट्ट आणि फळाची गाठ सैल, याचे नाव खेळ. उसनवारीच्या तुपावर चैन करणारा चार्वाकपंथी फळच घट्ट धरतो आणि हात सोडून देतो. त्याची ती चैन, खेळ नव्हे.

आमचे तुकोबाराय पाहा. इ. स. १६२९-३० च्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्याच तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, टिपरी अशा खेळांचे अभंग आहेत. ज्याने उपासमारीचे मरण घरात पाहिले, त्याने खेळ गाइला. तेव्हा हे तत्त्वज्ञान भरल्या पोटीचे आहे, असे कोणी म्हणू नये. परंपरा असेही सांगते, की त्यांनी कुळांकडे येणे असलेली खतपत्रे इंद्रायणीत बुडविली. पण ती फक्त आपल्या वाट्याची. कान्होबांच्या वाट्याचे कागद त्यांनी कान्होबांस दिले. यात सारे आले. आपला लाभहानीचा हिशेब नदीत सोडावा, दुसऱ्याचा सोडू नये. आपले दुःख हलके घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. परक्याचे दुःख हलके लेखण्याचा नाही.

मग त्या शेतकरी बाबाला काय सांगावे? बाबा रे, पोराच्या उशाशी बसायचेच आहे, कर्ज फेडायची खटपटही करायची आहे. तो हात घट्टच राहू दे. पण 'मी हरलो, चारचौघांत माझी अब्रू गेली' हे ओझे तेवढे खाली ठेव. पीक बुडाले म्हणून माणूस बुडत नाही. या एका ओझ्यापायी भल्या माणसांना जीव नकोसा होतो, आणि ते ओझे खाली ठेवले तर घरातले कोणी उपाशी राहत नाही.

आणि गावकऱ्यांनाही एक विनंती. फुगडी एकट्याने होत नाही. गावात असा कोणी दबलेला असेल, तर त्याला लीलेचे निरूपण ऐकविण्याआधी त्याच्या दाराशी जा, पेरणीला एक दिवस बैल द्या, दवाखान्यात रात्र काढायला माणूस द्या. आधी हात धरा. पाय आपोआप उचलतील.

रामकृष्णहरि!