पत्रिकेतला चंद्र, खाडीतला चंद्र

पत्रिकेत सर्वांत घाईत असलेला ग्रह म्हणजे चंद्र. शनी एका राशीत अडीच वर्षे ठाण मांडतो, गुरू साधारण वर्षभर, सूर्य महिनाभर; चंद्र सव्वादोन दिवसांत रास सोडतो आणि २७ दिवस ८ तासांच्या आत राशिचक्राची फेरी पुरी करतो. पेण किंवा रोह्याच्या एखाद्या प्रसूतिगृहात एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांच्या पत्रिका शेजारी शेजारी मांडल्या, तर शनी, गुरू, राहू, केतू बहुधा सगळ्यांचे एकाच राशीत दिसतात. दर दोन तासांनी बदलणारे लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, सोडले, तर या मुलांना एकमेकांपासून वेगळे करतो तो चंद्रच. मराठी माणूस ‘माझी रास कर्क’ म्हणतो तेव्हा जन्मवेळी चंद्र कर्केत होता, एवढाच त्याचा अर्थ असतो. पाश्चात्त्य पद्धतीत रास सूर्यावरून धरतात आणि ती वाढदिवसाच्या तारखेवरून कळते. आपली रास कळायला पंचांग उघडावे लागते.

पंचांगाची पाच अंगे म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. यांतला वार सोडला, तर बाकीची चारही अंगे चंद्राशिवाय निघत नाहीत. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते, तिच्या निम्म्याला करण म्हणतात. राशिचक्राचे २७ भाग केले की प्रत्येकी १३ अंश २० कलांचे नक्षत्र होते, आणि सूर्य-चंद्रांच्या भोगांची बेरीज केली की योग मिळतो. पंचांग म्हणजे मुख्यतः चंद्राचे वेळापत्रक.

हे वेळापत्रक पेण-रोह्याकडे पत्रिकेपलीकडेही वाचले जाते. पेणच्या खारेपाटात वाशी, वढाव, दादर ही गावे धरमतर खाडीच्या काठाने वसली आहेत. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. खाडीकाठच्या माणसाला भरतीची वेळ काढायला घड्याळाची गरज पूर्वी नव्हती, तिथी पुरत असे. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, चतुर्दशीला साडेदहाला. खाडीत आत जावे तसे पाणी थोडे उशिरा चढते, पण ढोबळ हिशोब चुकत नाही. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे पडत जाते, हे त्या पाऊणपटीमागचे गणित. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान. खारबांधाची उघाडी (पाण्याचे दार) कधी लावायची, होडी कधी सोडायची, बांधाला खांड (भगदाड) जाण्याची भीती कोणत्या दिवसांत अधिक, हे सगळे या दोन शब्दांत येते.

सणांतही चंद्राची दोन मापे शेजारी शेजारी वापरात आहेत. ज्या पेणचे गणपती देशभर जातात, तिथे गणपती बसतो तो भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, म्हणजे तिथीवर. गौर मात्र तिथी पाहत नाही. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना तिचे आवाहन, ज्येष्ठेत पूजन, मुळात विसर्जन. त्यामुळे गौरी-गणपती एखाद्या वर्षी पाचव्या दिवशी जातात, एखाद्या वर्षी सहाव्या किंवा सातव्या. मुंबईहून गावी आलेल्या चाकरमान्याची रजा दरवर्षी पुरत नाही, त्याचे कारण चतुर्थी आणि अनुराधा यांच्यातले हे बदलते अंतर.

चंद्र कुठे आहे हे मोजण्याचे काम याच किनाऱ्यावर फार जुने आहे. रोह्याच्या शेजारच्या मुरूड तालुक्यातल्या नांदगावी गणेश दैवज्ञ होऊन गेले. शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हा आरंभ धरून त्यांनी ‘ग्रहलाघव’ रचला. आधीच्या ग्रंथांत ग्रह साधायचे तर ज्या-कोटिज्यांची आकडेमोड करावी लागे; गणेश दैवज्ञांनी ती पार काढून टाकली आणि साध्या गुणाकार-भागाकारांवर भागवले. ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र धरल्यामुळे मोठे आकडेही हाताळावे लागेनात. गावोगावच्या जोशांना पाटीवर चंद्र काढता आला तो या सोयीमुळे, आणि पुढे कित्येक शतके महाराष्ट्रातली पंचांगे याच ग्रंथावरून होत राहिली. कोकणाने ज्योतिषाला दिलेली सर्वांत भक्कम देणगी कोणती, तर हे गणित. फलिताच्या पोथ्या सगळीकडेच होत्या.

कालांतराने त्या गणितातही फरक साचला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास आकाशातल्या वेधांशी जुळणारे पंचांग सुरू केले. लोकमान्य टिळकांनी त्या बाजूने जोर लावला, व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवे गणितग्रंथ रचले, आणि वाद एका प्रश्नापाशी येऊन थांबला: राशिचक्राचा आरंभबिंदू कोणता? टिळक पंचांग रेवतीचा तारा धरते, केतकरांचा पक्ष चित्रेचा. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्षाशी जुळणारा आरंभबिंदू घेतला आणि आज बहुतेक पंचांगे व संगणकावरच्या पत्रिका त्याच्याच आधारे होतात. दोन पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. चार अंश म्हणजे नक्षत्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पत्रिकेत त्याने काय घडते ते पुढे उदाहरणात दिसेल.

या चंद्राला अर्थ कोणता? पुरुषसूक्तात चंद्र विराट पुरुषाच्या मनापासून झाला असे सांगितले आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त काळपुरुषाचा आत्मा सूर्य आणि मन चंद्र अशी वाटणी केली. फलज्योतिषात चंद्र मनाचा आणि आईचा कारक ठरला, शिवाय पाणी, दूध, प्रवास, लोकप्रियता हेही त्याच्याकडे आले. कर्क ही त्याची स्वतःची रास. वृषभेत तो उच्चीचा, तिसऱ्या अंशावर परमोच्च. समोरच्या वृश्चिकेत नीच. शुक्ल पक्षातला वाढता चंद्र शुभ, अमावास्येच्या आसपासचा क्षीण चंद्र दुबळा. अमावास्येला जन्मलेल्या मुलाची शांत करतात ती यामुळे.

चंद्र एकटा पडू नये, ही जुन्या ग्रंथकारांची मोठी काळजी दिसते. त्याच्या मागच्या-पुढच्या घरांत ग्रह नसतील तर केमद्रुम योग, दारिद्र्याचा. गुरू त्याच्यापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या घरात असेल तर गजकेसरी, कीर्तीचा. गजकेसरी सांगितल्यावर घरातली मंडळी सुखावतात. बारापैकी चार घरे चालत असल्यामुळे तीन पत्रिकांमागे एकीत तो असतोच, हे सहसा कोणी सांगत नाही.

व्यवहारात चंद्राचा उपयोग चार ठिकाणी होतो: नावरस नाव, दशा, गुणमेलन आणि साडेसाती. यांतली पहिली दोन एकाच उदाहरणात पाहता येतात. रोह्यात जन्मलेल्या एका काल्पनिक मुलीचा चंद्र चित्रापक्षाने वृषभेच्या १५ अंशांवर आहे असे धरू. रोहिणी नक्षत्र वृषभेच्या १० अंशांपासून २३ अंश २० कलांपर्यंत असते आणि प्रत्येक नक्षत्राचे चार चरण. रोहिणीची अक्षरे ओ, वा, वी, वू. १५ अंश म्हणजे दुसरा चरण, म्हणून मुलीचे नावरस नाव ‘वा’वरून. आता दशा. विंशोत्तरी पद्धतीत माणसाचे आयुष्य १२० वर्षांचे कल्पून नऊ ग्रहांना वाटले आहे आणि जन्मनक्षत्राच्या स्वामीपासून मोजणी सुरू होते. रोहिणीचा स्वामी चंद्र, त्याची दशा १० वर्षांची. नक्षत्राच्या ८०० कलांपैकी ३०० भोगून झाल्या, ५०० उरल्या. म्हणून चंद्राची सव्वासहा वर्षे शिल्लक. मग मंगळाची ७, राहूची १८, गुरूची १६.

तीच मुलगी टिळक पंचांगाने पाहिली तर चंद्र १९ अंशांवर येतो. नक्षत्र रोहिणीच, पण चरण तिसरा, अक्षर ‘वी’, आणि चंद्राची दशा उरते सव्वातीन वर्षे. राहूची दशा एका हिशोबाने वयाच्या तेराव्या वर्षी लागते, दुसऱ्याने दहाव्या. आकाशातला चंद्र दोन्हीकडे एकच आहे. ‘राहूत मुलीचे शिक्षण बिघडेल का’ असे विचारणाऱ्या आईबापांपुढे हा तीन वर्षांचा फरक मांडला जातो असे क्वचितच घडते.

वेळेचा गोंधळ मात्र चंद्रापेक्षा लग्नाला अधिक नडतो. पेण आणि रोहा जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ७३ अंशांच्या किंचित पूर्वेला आहेत. तिथली स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३८ मिनिटे मागे. १९०६ साली प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. त्यात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशभर घड्याळे तासभर पुढे होती. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या जन्मटिपणावर नुसते ‘सकाळी ७ वाजता’ लिहिलेले असेल, तर ते कोणत्या घड्याळाचे हा पहिला प्रश्न. ३९ मिनिटांच्या चुकीने लग्न दहाएक अंश सरकते, चंद्र मात्र जेमतेम एकवीस कला हलतो, आणि रोहिणीच्या हिशोबात दशेला तीन महिन्यांचा फरक पडतो. ज्या जुन्या टिपणात ‘सूर्योदयात् गत घटी-पळे’ दिलेली असतात ते सर्वांत निर्धास्त. २४ मिनिटांची घटिका आणि गावचा सूर्योदय यांना कोणत्याही सरकारी घड्याळाशी देणेघेणे नसते.

लग्न जुळवताना चंद्राचाच अंमल पुरा असतो. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७ आणि नाडी ८ मिळून ३६ गुण होतात. ही आठही कूटे दोघांच्या चंद्राची रास आणि नक्षत्र यांवरूनच ठरतात. १८ गुण जमले की बोलणी पुढे सरकतात. अडते ते बहुधा नाडीवर. २७ नक्षत्रे आद्य, मध्य, अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटली आहेत, तेव्हा कोणत्याही दोन अनोळखी पत्रिकांची नाडी एक येण्याची शक्यता तीनांत एक. ‘एकनाड’ म्हणून मोडलेल्या स्थळांची संख्या एवढी मोठी का वाटते, याचे उत्तर या भागाकारात आहे. एका नाडीमुळे संततीला धोका असतो असे सांगताना हल्ली रक्तगटाचा दाखला देतात. रक्तगट आईवडिलांकडून येतो, जन्मवेळच्या नक्षत्राशी त्याचा काही संबंध नाही.

साडेसातीतही केंद्रस्थानी चंद्रच. शनी जन्मचंद्राच्या मागच्या राशीत आला की ती सुरू होते, चंद्रराशीत मधली अडीच वर्षे, पुढच्या राशीत शेवटची. २९ मार्च २०२५ ला शनी मीन राशीत आला, तेव्हा कुंभ, मीन आणि मेष या तीन राशी साडेसातीत होत्या. बारांपैकी तीन म्हणजे सुमारे चौथा हिस्सा लोक. पेणच्या बाजारपेठेत कोणत्याही दिवशी समोरून येणाऱ्या दर चौघांपैकी एक जण साडेसातीत असतो, आणि त्यांतल्या अनेकांची दुकाने व्यवस्थित चालू असतात.

या सगळ्याच्या समर्थनार्थ हटकून पुढे येणारा युक्तिवाद असा: चंद्र समुद्राला भरती आणतो, माणसाच्या शरीरात बहुतांशी पाणी आहे, मग तो मनाला का हलवणार नाही? खाडीकाठच्या माणसाला हे पटकन पटते, कारण यातली पहिली गोष्ट तो रोज पाहतो. पण भरती येते ती पृथ्वीच्या दोन बाजूंवर चंद्राची ओढ कमी-अधिक पडते म्हणून. हजारो किलोमीटरांच्या अंतराने ती तफावत तयार होते. पेणजवळच्या हेटवणे धरणातही पाणीच आहे. पौर्णिमेला धरमतरची खाडी काठोकाठ भरते तेव्हा हेटवण्याचे पाणी डोळ्याला दिसेल इतकेही वर येत नाही. जिथे धरण हलत नाही तिथे पाच-सहा फुटांच्या देहातल्या पाण्याचा प्रश्नच उरत नाही.

तर्क बाजूला ठेवून पडताळा घेण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रात झाला आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा जमवल्या. निम्मी मुले हुशार म्हणून शाळेने निवडलेली, निम्मी मतिमंद. विषय बुद्धीचा होता, म्हणजे मनाचा कारक चंद्र आणि बुद्धीचा कारक बुध यांच्या घरचाच. २००८ साली प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सर्वांत पुढे राहिलेल्याची ४० पैकी २४ उत्तरे बरोबर आली, सरासरी ४६ टक्क्यांवर राहिली. ज्योतिषाच्या एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली, ९८ चुकली.