पेपरचे भविष्य

डिसेंबर २०२१च्या पहिल्या आठवड्यात दोन मेळावे लागोपाठ भरले. ३ ते ५ तारखेला नाशिकमध्ये, आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत, ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. ते आटोपले आणि ६ तारखेपासून न्यूरिप्स ही मशीन लर्निंगची जगातली एक अग्रगण्य परिषद ऑनलाइन सुरू झाली. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, असे खुशाल म्हणता आले असते. पण नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर होते (प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत), आणि न्यूरिप्सने त्या वर्षी स्वतःला जो प्रश्न विचारला, तो नारळीकरांनी काही वर्षांपूर्वीच ज्योतिषांना विचारला होता. तुमचे भाकीत नाणेफेकीपेक्षा किती सरस आहे?

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एआय आणि डेटा सायन्सच्या शाखा निघाल्यापासून हा प्रश्न इथेही वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. मोठ्या परिषदेला पेपर पाठवलेला असतो. दोन-तीन महिन्यांनी रिव्ह्यू येतात. एक परीक्षक दहापैकी सहा देतो, दुसरा पाच, तिसरा आठ. मग विद्यार्थी गाइडपुढे उभा राहतो: ‘सर, चान्स किती?’ सर आकड्यांची सरासरी काढतात, गेल्या वर्षी किती सरासरीला पेपर गेले होते ते आठवतात आणि म्हणतात, ‘रिबटल नीट लिही, होऊन जाईल.’ पंचांग नसते एवढेच.

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर आहे, फक्त ते कोणाला आवडत नाही. पहिली गोष्ट म्हणजे न्यूरिप्समध्ये वर्षानुवर्षे साधारण चारातला एक पेपर घेतला जातो. २०१४ला १,६७८ पेपर आले होते, २०२१ला ९,१२२, आणि २०२५ला २१ हजारांच्या वर. येणाऱ्यांची संख्या दहापटीहून अधिक झाली, तरी चारातला एक हे प्रमाण फारसे हललेले नाही. रिव्ह्यू हाती नसताना चान्स विचारला, तर उत्तर २५ टक्के. आता २०२१च्या लेखकांनी काय उत्तर दिले ते पाहा. पेपर पाठवून झाल्यावर आणि रिव्ह्यू येण्याआधी परिषदेने त्यांना त्यांचा अंदाज विचारला. मधल्या लेखकाचे उत्तर होते ७० टक्के. वास्तवाच्या जवळजवळ तिप्पट. हे संख्याशास्त्रावर पोट भरणारे लोक. त्यातल्या त्यात, ज्यांना परिषदेने परीक्षक म्हणून बोलावले होते त्यांचा अंदाज इतरांपेक्षा थोडा बरा होता. दुसऱ्याचे पेपर वाचावे लागले की आपल्या पेपरकडेही जरा लांबून पाहता येते, असे मला वाटते.

रिव्ह्यू आल्यावर चित्र स्पष्ट व्हायला हवे. काही अंशी होतेही. तिन्ही परीक्षकांनी तीन दिले तर रिबटल, म्हणजे परीक्षकांना द्यायचे उत्तर, लिहिण्यात रात्री घालवू नयेत, आणि तिघांनी आठ दिले तर झोप लागायला हरकत नाही. प्रश्न मधल्या पट्ट्याचा, म्हणजे ज्याला सगळे ‘बॉर्डरलाइन’ म्हणतात त्याचा. तिथे सरासरी फसवते. २०२४च्या आयसीएलआर या मशीन लर्निंगच्याच दुसऱ्या मोठ्या परिषदेला आल्बर्ट गू आणि ट्री डाओ यांचा ‘माम्बा’ नावाचा पेपर गेला होता. त्या परिषदेचे रिव्ह्यू सर्वांना वाचता येतात, म्हणून हे लपलेले नाही. आकडे होते आठ, आठ, सहा आणि तीन. सरासरी सव्वासहा. कोणत्याही सरांनी ‘होऊन जाईल’ म्हटले असते. पेपर नाकारला गेला. तीन देणाऱ्या परीक्षकाचे आक्षेप ठोस होते: अमुक प्रसिद्ध चाचणीचे निकाल का दिले नाहीत, केवळ पर्प्लेक्सिटीच्या मापावर एवढा भर का. अंतिम निर्णय देणाऱ्या एरिया चेअरला त्यात तथ्य वाटले. तोपर्यंत जगभरच्या प्रयोगशाळा माम्बावर काम करू लागल्या होत्या, आणि त्याच वर्षी सीओएलएम या नव्या परिषदेने त्याला उत्कृष्ट पेपरांमध्ये स्थान दिले.

या एका गोष्टीवरून ‘सगळा जुगार आहे’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. नाकारला गेलेला प्रत्येक जण तो काढतोच. पण मोजमाप वेगळे सांगते. २०१४ साली न्यूरिप्सच्या कार्यक्रम समितीच्या त्या वेळच्या प्रमुखांनी, कोरिना कोर्टेस आणि नील लॉरेन्स यांनी, एक धाडस केले. आलेल्या पेपरांपैकी सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे १६६ पेपर, दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. एकीला दुसरीचा निकाल माहीत नाही. ४३ पेपरांवर दोघींचे एकमत झाले नाही. एका समितीने स्वीकारलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पेपर दुसरीने नाकारले होते, आणि बातमी झाली ती याच आकड्याची. मात्र एक साधे गणितही करून पाहायला हवे. दोन्ही समित्यांनी पेपर न वाचता, साडेबावीस टक्क्यांच्या प्रमाणात नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या, तर मतभेद सुमारे ५८ पेपरांवर झाला असता. परिपूर्ण न्याय असता तर शून्यावर. प्रत्यक्षात ४३. म्हणजे परीक्षण चिठ्ठीपेक्षा नक्की चांगले आहे, पण आपण समजतो त्याहून ते चिठ्ठीच्या बरेच जवळ आहे. शिवाय शंभरहून अधिक पेपर दोन्हींनी नाकारले. कच्चे काम ओळखण्यात समित्या एकमेकींशी सहमत होतात. चांगल्यातले चांगले निवडताना त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. २०२१ला हाच प्रयोग ८८२ पेपरांवर पुन्हा झाला. मतभेद सुमारे २३ टक्के.

याला परीक्षकांचा आळस हे एकच कारण नाही. आळस आहे, घाई आहे, आणि हजारो पेपरांना पुरतील इतके मुरलेले परीक्षक मिळत नाहीत हेही आहे. पण २०२१च्याच पाहणीतली एक बाब मला जास्त बोलकी वाटते. दोन पेपर एकत्र लिहिलेल्या सहलेखकांना विचारले, यातला सरस कोणता? साधारण एक तृतीयांश वेळा त्यांचे आपसात जुळले नाही. ज्यांनी काम स्वतःच्या हातांनी केले, त्यांच्यातच जर इतका फरक, तर चार आठवडे आणि पाच पेपर हाती असलेल्या परक्या माणसाकडून एकवाक्यतेची अपेक्षा कशी करायची? कोर्टेस आणि लॉरेन्स यांनी पुढे २०१४च्या पेपरांचा माग काढला. स्वीकारलेल्या पेपरांत परीक्षकांचे गुण आणि नंतर मिळालेले संदर्भ यांचा संबंध त्यांना आढळला नाही.

इथे नारळीकरांकडे परत येतो. सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी केलेली ज्योतिषाची चाचणी २००९ला ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते लिहून मागितले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवले असते तर ५०. या चाचणीचे बळ तिच्या साधेपणात आहे: उत्तर आधी लिहून द्यायचे, मग ताळा. भविष्य सांगणाऱ्याला ‘मी तसे म्हटलेच नव्हते’ म्हणायची सोय राहत नाही. न्यूरिप्सने लेखकांचे आणि समित्यांचे नेमके हेच केले. आपल्या विद्यापीठांत किती परीक्षण समित्यांनी आपलीच अशी तपासणी करून आकडा जाहीर केला आहे?

परीक्षकाच्या बाजूने काय करता येते, तेही नारळीकरांच्याच चरित्रात आहे. १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरे उलटी केलेली. अक्षर ओळखीचे निघू नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात गेले. कथेला पहिले बक्षीस मिळाले. मशीन लर्निंगच्या परिषदाही लेखकांची नावे झाकतात, पण पेपर बरेचदा आधीच अर्काइव्ह या खुल्या ऑनलाइन संग्रहावर नावानिशी पडलेला असतो आणि झाकलेले नाव परीक्षकाला दोन मिनिटांत सापडते.

मग विद्यार्थ्याला काय सांगायचे? शंभर टक्के चान्सही बाजारात मिळतो, हे तो जाणतो. फी भरली की दोन दिवसांत स्वीकृतिपत्र देणारी नियतकालिके शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांवर पोसली आहेत. पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ला यूजीसीच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली १,००९ नियतकालिके तपासली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. जिथे परीक्षण खरे असते तिथे निकालाबद्दल शंका उरते. ती खपवून घ्यावी लागते. पण तिचा आकडा लपवणे खपवून घेऊ नये, आणि अशा एका निकालावर कोणाची नोकरी किंवा पदवी टांगणे तर मुळीच नाही.

गाइडांना विनंती अशी की, रिव्ह्यू आल्या दिवशी ‘होऊन जाईल’ म्हणण्याऐवजी स्वतःचा आणि विद्यार्थ्याचा आकडा तारखेसह वहीत लिहावा, आणि चार-पाच वर्षांनी उघडून पाहावा. आणि नाशिकच्या महाविद्यालयांना: तीन जाणकारांनी खरोखर वाचून नाकारलेला पेपर, त्याचे रिव्ह्यू आणि विद्यार्थ्याने लिहिलेले रिबटल, हे सगळे प्रकल्पाच्या गुणांत धरा. फी भरून आणलेले स्वीकृतिपत्र धरू नका.