पुसावे कोणी कोणास?

दोघे वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. नातू आजोबांच्या पाया पडतो, ही जगरहाटीच आहे. पण आजोबाही वाकून नातवाच्या पायाला हात लावतात, हे आपल्याच फडावर पाहावयास मिळते. हा आचार आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्यावरून एक शंका येते, ती मांडतो. पायाला हात दोन्हीकडून लागतो. तसे पुसणेही दोन्हीकडून होते काय? तुम्हांपासून शिकण्याची आमची तयारी आणि आम्हांपासून शिकण्याची तुमची, अशी एकाच वेळी दोघांच्या ठायी असू शकते काय?

गुरूने सांगावे, शिष्याने ऐकावे, ही वाट सर्वांस ठाऊक आहे. एक भांडे वर, दुसरे खाली, म्हणजे पाणी वाहते. दोन्ही एका पातळीवर ठेवली तर वाहणार कसे? तार्किकांचा हा प्रश्न काही पोरकट नाही.

वसईकरांना याचा विचार करावयास लांब जाणे नको. आपले नालासोपारे म्हणजे जुने शूर्पारक बंदर. तेथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे 1956 साली जवळच भुईगावात नवव्या लेखाचा सापडला. सोपाऱ्याचा तुकडा लहान आहे. आठव्या लेखाचा पूर्ण मजकूर गिरनारच्या शिळेवर वाचता येतो. त्यात राजा सांगतो ते असे : पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला व मौजेला जात; आपण राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेथून धर्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय होई? ब्राह्मण-श्रमणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांचे दर्शन, आणि मग खेड्यापाड्यांतील लोकांची भेट. या लोकांच्या भेटीशी दोन शब्द जोडले आहेत. एक धर्मानुशासन, दुसरा धर्मपरिपृच्छा.

पाठशाळेत आम्ही व्याकरण घोकले, म्हणून या दुसऱ्या शब्दापाशी थांबावेसे वाटते. प्रच्छ् म्हणजे पुसणे; परि म्हणजे सभोवार, सर्व बाजूंनी. गीतेत ज्ञान मिळविण्यास प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध परिप्रश्न सांगितला आहे, तोच हा धातू. धर्मपरिपृच्छा म्हणजे धर्माविषयी पुसणे. पण पुसणारा कोण? राजा कुणब्याला पुसतो की कुणबी राजाला? समासात कर्ता सांगितलेला नाही. पंडितांनी यावर हवे तर वाद घालावा. आम्हांस वाटते, ज्याचा शब्द दगडावर कोरला जातो त्या राजाने नुसते अनुशासन लिहिले असते तरी त्याला कोण विचारणार होते? तरीही परिपृच्छा शेजारी बसवली आणि कर्ता मोकळा सोडला, यात दोन्ही बाजूंना जागा आहे. त्याच राजाच्या बाराव्या लेखात निरनिराळ्या पंथांनी एकमेकांचा धर्म ऐकावा, असे आहेच.

आता आपल्या घरात या. ज्ञानोबा माउलींनी नामदेवरायांना तीर्थयात्रेला बरोबर नेले. एवढ्या ज्ञानियांच्या राजाला शिंप्याच्या पोराची सोबत कशाला हवी होती? तीर्थावळीचे अभंग ज्यांनी ऐकले आहेत त्यांना ठाऊक आहे की वाटेत माउली भक्तीच्या खुणा नामदेवांना पुसतात. आणि त्याच नामदेवांना गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरविले, तेव्हा ते विसोबा खेचरांकडे गेले. तार्किकांची भांडी येथे लटकी पडतात. एका अंगाने माउली वर, दुसऱ्या अंगाने नामदेव. माणूस काही एकाच तोंडाचे भांडे नव्हे.

कोणी म्हणेल, ज्याच्या-त्याच्यापासून शिकू लागलो तर एकनिष्ठा कोठे राहिली? हा आक्षेप प्रामाणिक आहे. भोंदूंच्या मागे घरदार घालविलेले लोक आम्ही पाहिले आहेत. पण शिकणे म्हणजे मान डोलावणे नव्हे. नामदेवराय पंजाबापर्यंत गेले, त्यांची पदे गुरु ग्रंथसाहिबात मानाने बसली. म्हणून त्यांची पंढरी काही सुटली नाही.

खरी अडचण निराळी आहे. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2024 साली गेले. कॅथलिक धर्मगुरू, त्यांनी 'सुबोध बायबल' लिहिले, आणि आपल्या ज्ञानोबा-तुकोबांचा अभ्यासही केला. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्या निवडीला विरोध झाला, तोही आपल्याच महाराष्ट्रात. त्यांनी आपली गाथा उघडली. आपल्यापैकी कितीजणांनी त्यांचे पुस्तक उघडले? आपले ऐकावयास शेजारी आला की आपण सुखावतो आणि त्याला टाळ देतो. त्याचे ऐकावयास आपण जातो का? टाळ देणे सोपे आहे हो!

आम्हां कीर्तनकारांचे तर विचारूच नका. नारदाच्या गादीवर उभे राहिले की दोन तास कोणी अडवीत नाही. असे वर्षानुवर्षे चालले म्हणजे कान आपोआप मिटतात. म्हणून आरती झाल्यावर, बुक्का लावून मंडळी उठली की कोणी रेंगाळलाच तर आम्ही त्याला बसवून घेतो. कार्तिक वद्य एकादशीला निम्मी मंडळी आळंदीला आणि निम्मी निर्मळच्या जत्रेला. अशाच एका वर्षी इकडच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने पुसले, ''बुवा, चांगदेवांनी कागद कोरा का धाडला?'' आम्ही परंपरेप्रमाणे सांगितले : माउली वयाने लहान, ज्ञानाने थोर, चिरंजीव लिहावे की तीर्थरूप, मायनाच सुचेना. म्हातारा म्हणाला, ''ते खरं. पण मायना सुचला नाही तर माणूस पत्र धाडायचंच राहू देतो. त्यांनी धाडलं ना!''

हे आम्ही कोणत्याही टीकेत वाचले नव्हते. चांगदेवांचे आख्यान लावले की आता ते सांगतो, आणि वाडीतल्या एका म्हाताऱ्याचे म्हणूनच सांगतो.