मिस्त्री कुणाच्या बाजूचा

१ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. हर्णै बंदराला पावसाळी लाटांपासून आडोसा नाही, म्हणून तिथल्या बोटी या दिवसांत आंजर्ल्याच्या खाडीत येऊन राहतात. इंजिनांची खरेदी-विक्री होते ती याच दोन महिन्यांत. बोटी बांधलेल्या असतात, खलाशी घरी गेलेले असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आत सगळं जागेवर बसवायची घाई असते.

अशाच एका पावसाळ्यात एक तरुण तांडेल जुनं इंजिन शोधत होता. दुसऱ्याच्या बोटीवर बरीच वर्षं राबून त्याने स्वतःची बोट बांधायला काढली होती. लाकूडकाम संपत आलं तसे पैसेही संपत आले. नवं इंजिन परवडणार नव्हतं. गाठीला एक लाख वीस हजार रुपये होते, आणि त्यातच शाफ्ट, पंखा, जाळी हेही बसवायचं होतं.

इंजिन बघायला त्याने एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बरोबर घेतलं. सगळे त्याला चाचा म्हणत. दोन सिलिंडरच्या किर्लोस्करवर हात बसवलेला हा माणूस पुढे किनाऱ्यावर आलेलं जवळजवळ प्रत्येक मशीन उघडून बसला होता. निघण्याआधी त्याने एकच गोष्ट स्पष्ट केली.

"बघायचे पाचशे रुपये. तू घेतलंस तरी पाचशे, नाही घेतलंस तरी पाचशे. विकणाऱ्याकडून मी चहाही घेत नाही."

हा नियम मला फार मोलाचा वाटतो. ज्याची कमाई सौदा होण्यावर टांगलेली असते, त्याला इंजिनातली खरखर कमी ऐकू येते. तो मुद्दाम खोटं बोलतो असं नाही, पण कान पैशाकडे वळलेले असतात.

पहिलं इंजिन होतं खाडीच्या वरच्या अंगाला. हिरव्या रंगात न्हाऊन निघालेलं, नटांच्या खाचांतसुद्धा रंग. मालक किल्ली फिरवायला पुढे झाला, तेवढ्यात मिस्त्रीने ब्लॉकवर तळहात ठेवला. ब्लॉक कोमट होता.

"आत्ताच चालवून बघितलं," मालक म्हणाला. "म्हटलं तुमचा खोळंबा नको."

"मला थंड मशीन बघायचंय. उद्या सकाळी येतो. तोवर हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पोचले, तर ब्लॉक पुन्हा कोमट. मिस्त्रीने पिशवी उघडलीच नाही. वाटेत तांडेलाने कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "कॉम्प्रेशन गेलेलं डिझेल मशीन थंड असताना सुरू व्हायला कुरकुरतं, पांढरा धूर ओकत राहतं. एकदा तापवलं की ते दुखणं झाकतं. दोन्ही दिवस ज्याने तापवून ठेवलं, त्याला झाकायचं काय ते ठाऊक आहे."

दुसरं इंजिन एका विधवा बाईचं होतं. नवरा जाऊन वर्ष झालेलं, मुलगा मुंबईला नोकरीत, बोटीवर जाणारं घरात कुणी उरलं नव्हतं. बोटीचं लाकूड थकलं होतं; तिला गिऱ्हाईक नव्हतं. आत मात्र सहा सिलिंडरचं जुनं लेलँड बसलेलं होतं, वरून काळं, तेलकट, रंगाचे पोपडे निघालेलं. भंगारवाला येऊन गेला होता. गिअरबॉक्ससकट सातशे किलो धरून, किलोला २५ रुपयांनी, साडेसतरा हजार रुपये तो सांगून गेला होता.

"मी चाळीस म्हणते," बाई म्हणाली. "त्याच्या दुपटीहून जास्त आहेत, ठाऊक आहे मला. पण ह्यांचा जीव होता त्या मशीनवर."

चाळीस हजार ऐकून तांडेलाच्या पोटात आनंद मावेना. त्याने तोंडावर काही दाखवलं नाही.

भरती चढली तशी बोट चिखलातून उचलली गेली आणि मिस्त्री आत उतरला. ब्लॉक थंडगार. आधी त्याने ब्लॉकवर ठोकलेला नंबर चिंधीने पुसून काढला आणि बोटीच्या कागदावरच्या नंबराशी ताडून पाहिला. मग ऑइलची पट्टी ओढून ते दोन बोटांत चोळलं. डिझेल मशीनचं ऑइल काळंच असतं, त्याचं काही नाही. ते ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी शिरलंय, आणि बोटांना चकाकी लागली तर बेअरिंग झिजताहेत. इथे दोन्ही नव्हतं. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं, तर वर तेलाचा तवंग नाही. या इंजिनाच्या पोटात गोडं पाणीच फिरत होतं, खारं पाणी फक्त बाहेरच्या कूलरपर्यंत येत होतं. समुद्राचं पाणी थेट पोटात घेतलेली मशीनं कामाने मरत नाहीत; आतल्या वाटा मिठाने आणि गंजाने बुजून मरतात.

"वर्षभर बंद आहे का हे?" त्याने वर तोंड करून विचारलं.

"नाही हो. शेजारचा पोरगा दर रविवारी पंधरा मिनिटं सुरू करून देतो. हे सांगून गेले होते, बंद ठेवू नको म्हणून."

किल्ली फिरवली. दुसऱ्या फिरकीला इंजिन लागलं. थोडा वेळ पांढरा धूर आला आणि विरला. निळा धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नव्हतं. मिस्त्रीने ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवलं. रिंगा आणि लायनर झिजलेले असले की पिस्टनच्या बाजूने वारा खाली उतरतो आणि ते झाकण नाचायला लागतं, उडूनही पडतं. हे जरासं थरथरलं आणि बसून राहिलं.

पण मिस्त्रीच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. त्याने पाना काढला आणि पंपाकडून पहिल्या नोझलला जाणाऱ्या नळीचा नट अर्धा वेढा सैल केला. डिझेल बाहेर पाझरलं, तो सिलिंडर थांबला आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. नट आवळला, आवाज वर आला. दुसरा सैल केला, आवाज खाली. तिसरा, तेच. चौथा सैल केला आणि आवाज होता तसाच राहिला.

"ऐकलंस?" तो तांडेलाला म्हणाला. "शिमग्याची पालखी सहा जणांच्या खांद्यावर आहे. एकाने खांदा काढून घेतला आणि पालखी हललीच नाही, तर काय समजायचं? तो नुसता बरोबर चालत होता."

इंजिन बंद करून त्याने चौथ्याचं नोझल पाचव्याला आणि पाचव्याचं चौथ्याला लावलं. दोष नोझलमध्ये असता तर तो पाचव्याकडे गेला असता. पुन्हा सुरू केल्यावर पाचवा बरोबर ओढत होता, चौथा तसाच मरगळलेला. म्हणजे दुखणं आत होतं.

शेवटी दोन जाड दोरांनी बोट धक्क्याला बांधली, गिअर पुढे टाकला, रेझ वाढवली. बोट दोरांवर ताणली गेली, पंख्याने मागे चिखल उसळवला. मोकळं असताना कुठलंही मशीन गोड चालतं. त्याच्यावर ओझं आलं की खरं काय ते बाहेर येतं. हे इंजिन मिस्त्रीने तसंच बराच वेळ ओढत ठेवलं. पाणी तापलं नाही, गिअर सुटला नाही, मागेही तेवढाच घट्ट लागला. रेझ अगदी टोकाला नेली तेव्हा थोडा काळा धूर आला, तेवढाच.

तो वर आला, हात पुसले. बाईने तेव्हा एक जुनी वही पुढे केली. "ह्यांची आहे. आधीच देणार होते, पण तुम्ही कामात होतात."

वहीत पेन्सिलने लिहिलेलं होतं: ऑइल कधी बदललं, किती तासांनी, फिल्टर कधी, पंप कधी उतरवला. मिस्त्री पानं उलटत शेवटच्या नोंदीपाशी थांबला आणि वही तांडेलाच्या हातात दिली. तिथे लिहिलं होतं: '४ नंबर कमी ओढतो. सीझन झाल्यावर हेड उघडायचं.'

"तास दाखवणारं मीटर बदलता येतं," मिस्त्री म्हणाला. "वहीही खोटी लिहिता येते. पण विकायचं मनात नसताना ज्याने आपल्याच मशीनचा दोष लिहून ठेवला, त्याच्या बाकीच्या नोंदी मी खऱ्या धरतो."

"मग किती?" तांडेलाने विचारलं.

"सहाही सिलिंडर ठीक असते तर एक लाख तीस हजारांचं मशीन आहे. चौथ्यात बहुतेक व्हॉल्व्ह जळालाय, झाकण उडालं नाही त्यावरून वाटतं. पण हेड उतरवल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, म्हणून लायनर-पिस्टनचा खर्च धरून वीस हजार काढतो. एक लाख दहा."

हे सगळं तो बाईच्या समोर बोलला.

तांडेलाचा चेहरा पडला. बाईही गोंधळली. "मी चाळीस बोलले ते बोलले," ती म्हणाली. "शब्द फिरवणार नाही."

"वहिनी, तुम्ही भंगाराच्या भावावरून बोललात. तुम्हाला मशीनचा भाव कुणी सांगितलाच नव्हता."

तांडेल त्याला हाताला धरून बांधावर घेऊन गेला. पाऊस लागला होता. "चाचा, तुम्हाला मी आणलं. पैसे मी देणार. तुम्ही माझ्या बाजूचे ना? ती बाई स्वतःच्या तोंडाने चाळीस म्हणत होती!"

"तू मला मोल विचारायला आणलंस. मोल सांगितलं. चौथा नंबर तिच्यासमोर सांगून तिचे वीस हजार मीच कमी केले, तेव्हा तू नाही विचारलंस, चाचा कुणाच्या बाजूचे."

तांडेल गप्प झाला.

"घेणाऱ्याला एक आणि विकणाऱ्याला दुसरं सांगितलं, तर ते मोल नव्हे, डाव झाला," मिस्त्री म्हणाला. "दहा वर्षांनी तू म्हातारं मशीन विकायला काढशील. समोरचा मिस्त्री घेऊन येईल. तेव्हा तुला कसला मिस्त्री हवा असेल, त्याचा विचार कर. चाळीसला घ्यायचं तर घे, बाई द्यायला तयार आहे. माझे पाचशे तेवढे दे, मला एसटी गाठायचीय."

पाचशे घेऊन तो खरंच निघून गेला. त्याने आग्रह केला नाही, उपदेशही पुढे लांबवला नाही. खरं मोल सांगून झालं की सांगणाऱ्याचं काम संपतं. त्यापुढचा निर्णय ज्याच्या खिशातून पैसे जायचे त्याचा. इथेच पुष्कळ शहाणी माणसं चुकतात. सांगून झाल्यावरही ती समोरच्याच्या मानेवर बसून राहतात.

तांडेल त्या रात्री हिशेब करत बसला. चाळीस हजारांत इंजिन आलं तर शाफ्ट, पंखा, जाळी, सगळं रोखीने बसत होतं. एक लाख दहा दिले तर हातात दहा हजार उरत होते. बाईचा शब्द होता, साक्षीदार मिस्त्री होता, कुणी त्याला फसवणारा म्हणालं नसतं. पण वीस हजार कमी झाले तेव्हा ती बाई एका शब्दाने बोलली नव्हती, हे त्याला विसरता येईना. मिस्त्रीने कमी केलेले आकडे मान्य करायचे आणि वाढवलेले नाही, असं कसं चालेल?

सकाळी तो तिच्या दारात गेला. "काकी, चाचा बोलले तोच भाव. पण सगळे आत्ता नाहीत माझ्याकडे. पन्नास आज देतो. साठ नारळी पौर्णिमेनंतर, दोन हप्त्यांत. दिवाळीच्या आत फिटतील. लिहून देतो."

"लिहून कशाला," ती म्हणाली, पण त्याने लिहून दिलंच.

इंजिन चेनपुलीने वर काढून नव्या बोटीत उतरवायच्या आधी मिस्त्रीनेच हेड उघडलं. चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळून खाचलेला होता. लायनरवर बोट फिरवलं तर ओरखडा नाही, रिंगा शाबूत. नवा व्हॉल्व्ह, सीट कापणं, गॅस्केट आणि मजुरी मिळून बारा हजार रुपये झाले. काढलेल्या वीस हजारांतले आठ हजार उरले.

सीझन बरा गेला. पहिला हप्ता त्याने ठरल्या वेळी दिला. दिवाळीच्या आधी दुसरा घेऊन गेला तेव्हा बाईने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तीस द्यायचे होते. हे अडतीस आहेत."

"काम कमी निघालं, काकी. वीस धरले होते, बारात झालं. वरचे तुमचेच आहेत."