मोहरीच्या चार पाकळ्या

हिवाळ्यात दिल्लीहून झज्जर-रेवाडीच्या बाजूला निघाले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहरी फुललेली दिसते. खतपाणी मिळालेले झाड पुरुषभर उंच असते, तर बांधाच्या कडेला खडीत रुजलेले जेमतेम वीतभर. फूल मात्र कोणत्याही झाडाचे खुडून पाहावे: चार पाकळ्या आणि सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब व दोन आखूड. एखादे चुकार फूल सापडते, पण त्यासाठी पुष्कळ शोधावे लागते.

सर्वांचे बीज एकच असेल, हे उत्तर खरे नाही. वाणावाणांत जनुकांचे फरक पुष्कळ असतात. मोहरी तर मुळातच दोन घराण्यांचा संसार आहे. नागाहारू ऊ यांनी १९३५ साली दाखविले, की तिच्या १८ गुणसूत्रांच्या संचात १० एका पूर्वजाची आहेत आणि ८ दुसऱ्याची. इतक्या भिन्नतेतून तेच फूल कसे उमलते? कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली यासाठी जी कल्पना मांडली, तिच्यासाठी आपल्या शेतकऱ्याचा शब्द तयारच आहे: पाट. पाणी कमीजास्त आले, तरी खोल खणलेला पाट त्याला ठरल्या वाफ्यातच नेतो.

हा पाट खणणाऱ्यांपैकी एक आज ओळखीचा झाला आहे. इतर प्रथिनांना योग्य घडी घालण्यास मदत करणारे एक प्रथिन पेशीत असते. मोहरीच्याच कुळातील अराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीत क्वाइच, सँगस्टर आणि लिंडक्विस्ट यांनी औषध देऊन त्याचे काम मंदावले (२००२). तेव्हा एरवी सारख्या दिसणाऱ्या रोपांत पानांची, मुळांची, रंगांची नाना रूपे उघडी पडली, आणि ती वाणागणिक निराळी होती. भेद नव्याने जन्मले नव्हते. ते होतेच, फक्त झाकलेले होते.

इथे मला प्रश्न पडतो तो वनस्पतिशास्त्राचा नाही. जो भेद दिसू दिला जात नाही, तो सहन केला असे म्हणावे काय? आपल्याकडे ‘सामावून घेणे’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की तू वेगळा असलास तरी चालेल, वेगळा दिसू नकोस. (निसर्गात अमुक आहे म्हणून माणसानेही तसेच वागावे, हा युक्तिवाद मला मान्य नाही, झाडाला अपमान कळत नाही.) तरीही एक फरक झाडापाशी शिकण्याजोगा आहे. ते भेद झाकते, पण निपटून काढीत नाही. तो बीजात शाबूत राहतो आणि पुढच्या पिढीकडे जातो.

झाकण काढले तर काय होते, याचे एक दर्शन दिल्ली विद्यापीठातच घडले. शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशांतून गर्भ वाढविले (१९६४). ते परागकणांतूनच आल्याचे १९६६ साली त्यांनी स्पष्ट केले. अशा रोपात २४ ऐवजी १२ गुणसूत्रे. एरवी जनुकाची एक प्रत सदोष निघाली, तर दुसरी काम निभावते. इथे मागे उभे राहणारे कोणीच नाही; जे आहे ते दिसते. पैदासकारांना हे रोप मोलाचे वाटते ते त्यामुळेच. त्याची गुणसूत्रे दुप्पट केली, की एका झटक्यात शुद्ध वाण हाती येतो. पण ही शुद्धता आणि मोहरीच्या फुलाची स्थिरता वरून सारखीच दिसते, हेच घोटाळ्याचे मूळ आहे. एकीच्या पोटात भेद आहे, दुसरीच्या पोटात तो उरलेला नाही. सुखाच्या हंगामात दोन्ही शेते तितकीच पिवळी असतात.

पुसा परिसरातील राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोत शून्याखाली १८ अंशांवर बियांची पाकिटे ठेवलेली असतात. दोन वाणांची मोहरी तळहातावर शेजारी ठेवली, तर तुम्हाआम्हाला फरक सांगता यायचा नाही. ती पेरावी लागते. आणि केवळ चांगल्या पावसाच्या वर्षी पेरून भागत नाही.